लॉज ऑफ यूएक्स साइट: तीन वर्षं वापरल्यानंतर लिहितेय

लॉज ऑफ यूएक्स म्हणजे वापरणाऱ्याच्या अनुभवाचे (यूएक्स) नियम डिझायनरना सोप्या भाषेत सांगणारी साइट. रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते पुढे येईल, आधी कुठून बोलतेय ते सांगते. मी कोल्हापुरात एका छोट्या टीममध्ये अ‍ॅप डिझाइन करते, आमची बरीचशी कामं पतसंस्था, दूध संस्था, बाजारातले अडते अशा लोकांची. आमच्याकडे रिसर्चवाली वेगळी टीम नाही, युनिव्हर्सिटीची लायब्ररी नाही, आणि एखादा पेपर वाचावासा वाटलाच तर पब्लिशरच्या साइटवर एकेका पेपरचे तीस-चाळीस डॉलर मागतात. २०२५ च्या जानेवारीत वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही सरकारी योजना सुरू झाली, तेरा हजाराच्या आसपास जर्नल्स खुली झाली, फार चांगली गोष्ट आहे, पण ती सरकारी कॉलेजं, युनिव्हर्सिट्या आणि संशोधन संस्थांसाठी. खाजगी नोकरी करणारा किंवा फ्रीलान्स काम करणारा डिझायनर त्याच्या बाहेरच राहिला. मग माणूस कसा हात वापरतो, किती लक्षात ठेवतो, कशावर विश्वास ठेवतो याचं कित्येक दशकांचं संशोधन पडून आहे ते आमच्यापर्यंत येणार कसं? माझ्यापर्यंत ते पहिल्यांदा या साइटवरून आलं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

साइट काय आहे ते थोडक्यात. जॉन याब्लॉन्स्की नावाच्या अमेरिकन डिझायनरने २०१८ मध्ये सुरू केली. वाचायला फुकट. सध्या तीसेक नियम आहेत, फिट्सचा, हिकचा, मिलरचा, जेकबचा, झायगार्निक इफेक्ट, असे. प्रत्येकाला स्वतंत्र पान, वर साध्या भौमितिक आकारांचं एक चित्र जे बघून नियम डोक्यात बसतो, खाली एका वाक्यात नियम, मग डिझाइन करताना लक्षात ठेवायचे दोन-चार मुद्दे, मग हा नियम मुळात आला कुठून, आणि शेवटी पुढे वाचायच्या लिंका. इंग्रजी सोपं आहे. एक पान वाचायला पाच मिनिटं पुरतात, म्हणजे चहा निवायच्या आत होतं.

आता ही पाच मिनिटं किती मोठी गोष्ट आहे ते मूळ पेपर उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. पॉल फिट्स यांचा १९५४ चा पेपर घ्या, प्रायोगिक मानसशास्त्राच्या जर्नलमधला. पहिल्या पानापासून इन्फर्मेशन थिअरी, बिट्स, लॉगरिदम, आणि आपल्याला संध्याकाळी सहाच्या आत क्लायंटला स्क्रीन पाठवायचीय. त्यात स्क्रीनवरच्या बटणांचा विषयच नाही, कारण तेव्हा कॉम्प्युटरची स्क्रीन कोणाच्या टेबलावर नव्हती. लोकांच्या हातात एक धातूची दांडी दिली, समोर धातूच्या दोन पट्ट्या ठेवल्या आणि सांगितलं की आलटून पालटून जमेल तितक्या वेगाने दोन्हींवर टेकवा, मात्र नेम चुकू देऊ नका. पट्ट्यांमधलं अंतर बदललं, पट्ट्यांची रुंदी बदलली, वेळ मोजला. त्यातून निघालं की अंतर वाढलं की वेळ वाढतो, रुंदी कमी झाली की वेळ वाढतो, आणि हे नातं एका सूत्रात बसतं. साइट हे सगळं घेऊन मला सांगते की बाई, दाबायची जागा मोठी ठेव, दोन जागांमध्ये अंतर ठेव, आणि हात सहज पोचेल तिथे ठेव. असं भाषांतर करायला दोन्ही बाजू कळाव्या लागतात, प्रयोगशाळेतली पण आणि आमच्या टेबलावरची पण, आणि अशी माणसं फार कमी आहेत.

माझा स्वतःचा अनुभव सांगते, कारण नुसतं "साइट छान आहे" म्हणून काही उपयोग नाही.

आम्ही एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसाठी अ‍ॅप करत होतो. पिग्मी म्हणजे काय हे आपल्याकडे सांगायची गरज नाही, रोज दुकानोदुकानी फिरून पन्नास, शंभर, दोनशे गोळा करायचे आणि तिथल्या तिथे नोंद करायची. स्क्रीन दिसायला एकदम नीटनेटकी होती, खाली उजव्या कोपऱ्यात "जमा" आणि त्याला लागूनच "रद्द", दोन्ही बारीक, एका ओळीत. ऑफिसात खुर्चीवर बसून सगळ्यांना जमलं. मग मी एका एजंट काकांबरोबर दुपारभर लक्ष्मीपुरीत फिरले. काका एका हातात फोन धरतात, दुसऱ्या हातात नोटा, काखेत पिशवी, गाडी स्टँडवर न लावता पायानेच सावरलेली, आणि अंगठ्याने नोंद करतात. तीन दुकानांत त्यांचा अंगठा "रद्द"वर पडला. तिसऱ्यांदा ते मला म्हणाले, "ताई, माझंच बोट जाड आहे". मला फार वाईट वाटलं, कारण चूक बोटाची नव्हतीच, चूक माझ्या स्क्रीनची होती आणि काका ती स्वतःवर घेत होते.

त्या रात्री फिट्सचं पान परत उघडलं. पान म्हणतं मोठं ठेवा, पण मोठं म्हणजे किती? ते त्या पानातून मिळेना, मग नियमाच्या मागे मागे शोधत गेले. १९७८ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पार्क (PARC) या संशोधन केंद्रात कार्ड, इंग्लिश आणि बर या आडनावांच्या तीन संशोधकांनी माउस, जॉयस्टिक आणि कीबोर्डच्या बटणांची तुलना केली तेव्हा माउसची हालचाल फिट्सच्या सूत्रात बसते हे दिसलं, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवरची गोष्ट पहिल्यांदा स्क्रीनवर आली. आणि २००६ चा एक पेपर सापडला, पारही, कार्लसन आणि बेडरसन यांचा, विषय अगदी माझ्या काकांचाच, एका हातात छोटं टचस्क्रीन धरून अंगठ्याने दाबताना जागा किती मोठी हवी. वीस जणांवर प्रयोग, आणि उत्तर थेट मिलिमीटरमध्ये: एकदाच दाबायचं असेल तर ९.२ मिमी, आणि आकडे टाकतो तसं एकामागून एक दाबायचं असेल तर ९.६ मिमी. एवढंच पाहिजे होतं! मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि फोनच्या काचेवर ठेवून आमचं बटण मोजलं, जेमतेम सहा मिमी भरलं.

मग "जमा" पूर्ण रुंदीचं केलं, "रद्द" तिथून उचलून वर नेलं, आकड्यांची बटणं दहा मिमीची केली. क्लायंटकडच्या साहेबांना आधी ते "ढोबळ" वाटलं, पट्टी आणि पेपर दोन्ही पुढे ठेवले तेव्हा ऐकलं. किती टक्के चुका कमी झाल्या ते आम्ही मोजलं नाही म्हणून आकडा देत नाही, पण काकांनी बोटाबद्दल परत कधी तक्रार केली नाही. (ज्यांना पेपरपर्यंत जायचं नाही त्यांच्यासाठी: अँड्रॉइडच्या गाइडलाइनमधलं ४८ डीपी (डीपी हे स्क्रीनवरचं माप) हे साधारण नऊ मिमीच भरतं, म्हणजे तो आकडा उगाच आलेला नाही. डब्ल्यूसीएजी २.२ मधलं, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या निकषांमधलं, २४ पिक्सेल हे मात्र कमीत कमी आहे, ते गाठलं म्हणजे अंगठ्याला पुरेसं झालं असं समजू नका.)

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की या साइटची खरी किंमत पानाच्या खालच्या अर्ध्या भागात आहे. वरचं चित्र आणि एका वाक्यातला नियम हा पत्ता समजा. घर गाठायचं तर खालच्या नावांवरून आणि वर्षांवरून चालत जावं लागतं, आणि ही साइट ती नावं आणि वर्षं देते म्हणून मी तिला इतकं मानते. इन्स्टाग्रामवर "युजर सायकॉलॉजीचे १० नियम" म्हणून जे फिरत असतं त्यात हे नसतं.

आता कापलेला स्टार.

या साइटवर सगळे नियम सारख्याच आकाराच्या कार्डवर, सारख्याच ऐटीत बसलेत, आणि सगळ्यांना मिळून नाव लॉज. प्रत्यक्षात त्यांचं वजन सारखं नाही. फिट्सचं सूत्र सत्तर वर्षं वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या उपकरणांवर तपासलंय. जेकबचा नियम, म्हणजे लोक बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या साइटवर घालवतात म्हणून तुमची साइटही तशीच चालावी असं त्यांना वाटतं, हे वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांचं अनेक वर्षांच्या कामातून आलेलं निरीक्षण आहे, पटतं, उपयोगी पण आहे, पण तो एका प्रयोगाचा निकाल नाही. आणि पार्किन्सनचा नियम, दिलेल्या वेळात मावेल एवढं काम पसरतं हा, तो तर १९५५ मध्ये द इकॉनॉमिस्टमध्ये आलेल्या एका लेखातला आहे, ब्रिटिश नोकरशाहीवरची टीका. तिन्ही शेजारी शेजारी दिसतात. नवीन शिकणाऱ्या मुलाला कुठला नियम मोजून काढलाय आणि कुठला अनुभवातून आलाय हे कार्ड बघून कळत नाही. एक छोटी खूण जरी असती, प्रयोग, निरीक्षण, लेख, अशी, तरी मी पाचवा स्टार आनंदाने दिला असता.

याचा त्रास कुठे होतो ते मिलरच्या नियमात दिसतं. जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा लेख, एका वेळी लक्षात राहतात त्या गोष्टी साधारण सात, अधिक-उणे दोन. एका मीटिंगमध्ये समोरच्या बाजूच्या एका वरिष्ठांनी ठासून सांगितलं की मेन्यूत सातच्या वर आयटम चालणारच नाहीत, सायन्स आहे ते. आमच्या अ‍ॅपमध्ये नऊ प्रकारची खाती होती, बचत, चालू, ठेव, पिग्मी, सोनेतारण वगैरे, त्यांतली काही "इतर"मध्ये ढकलावी लागली, आणि मग सोनेतारणवाले लोक शाखेत येऊन विचारायला लागले की आमचं खातं गेलं कुठे.

मिलर बोलत होते ते ऐकून लगेच परत सांगण्याबद्दल, आकडे, अक्षरं, शब्द. समोर स्क्रीनवर दिसणारी यादी लक्षात ठेवायची नसतेच, ती वाचायची असते. शिवाय त्यांच्या लेखातली जास्त कामाची गोष्ट सात हा आकडा नाहीच, ती आहे गठ्ठे करण्याची. दहा आकडी मोबाइल नंबर आपण तोंडाने सांगताना पाच-पाच किंवा चार-तीन-तीन असा तोडून सांगतो, तेच. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी सगळा पुरावा परत तपासून मांडलं की गठ्ठे करायला वावच दिला नाही तर माणसाच्या हाताशी साधारण चारच गोष्टी राहतात. म्हणजे सातचा आकडा पण पक्का नाही. आणि हे साइटच्या बाजूने सांगायलाच पाहिजे, मिलरच्या पानावरच्या मुद्द्यांमध्ये स्पष्ट लिहिलंय की सातच्या आकड्याचा आधार घेऊन डिझाइनवर उगाच बंधनं घालू नका. माझी अडचण अशी की मीटिंगमध्ये लोकांच्या तोंडी तेवढा मोठ्या अक्षरातला आकडाच येतो. त्या दिवशी मी पण खालचा भाग वाचलेला नव्हता म्हणून उत्तर देऊ शकले नाही. नंतर वाचला, दुसऱ्या फेरीत नऊच्या नऊ खाती परत आणली, फक्त ठेवी, कर्ज आणि रोजचे व्यवहार असे तीन गठ्ठे करून.

झायगार्निकचं पण सांगते, कारण संशोधन पुढे सरकत असतं आणि कार्ड तिथेच राहतं. ब्लूमा झायगार्निक, बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या विद्यार्थिनी, १९२७ चा त्यांचा पेपर, अर्धवट राहिलेलं काम पूर्ण झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं. प्रोफाइल ७० टक्के पूर्ण, अशी पट्टी दाखवायची ती या आधारावर. २०२५ मध्ये या विषयावरचे आजवरचे प्रयोग एकत्र करून तपासले गेले, तर लक्षात जास्त राहतं हा भाग टिकला नाही, पण अर्धवट सोडलेलं काम परत हातात घ्यायची ओढ मात्र खरी निघाली. डिझायनरला हा फरक कामाचा आहे. फॉर्म अर्धा भरून गेलेला माणूस तो लक्षात ठेवेल या भरवशावर राहू नका, तो परत अ‍ॅपमध्ये आला की जिथे सोडलं तिथेच त्याला नेऊन ठेवा, पुढचं तो करेल.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग, ज्यासाठी मी हे लिहायला बसले.

एस्थेटिक-युजेबिलिटी इफेक्टचं पान उघडा, म्हणजे छान दिसतं ते वापरायलाही सोपं वाटतं हा नियम. १९९५, जपान, हिताचीचं डिझाइन सेंटर, कुरोसू आणि काशिमुरा. त्यांनी एटीएमच्या स्क्रीनच्या २६ मांडण्या २५२ लोकांना दाखवल्या आणि विचारलं, वापरायला किती सोपी वाटते, दिसायला किती छान वाटते. जी छान दिसली तीच सोपी पण वाटली, प्रत्यक्षात किती सोपी आहे याच्याशी त्याचा संबंध त्यापेक्षा कमी. पुढची गोष्ट खरी गंमतीची आहे. इस्रायलमधल्या नोआम ट्रॅक्टिन्स्की यांना वाटलं, जपानी लोकांना सौंदर्याचं वेड, आपल्याकडची माणसं अशी नाहीत, आपल्याकडे हे निघायचं नाही. पण ते नुसतं असं बोलून थांबले नाहीत, तोच प्रयोग त्यांनी आपल्या लोकांवर परत केला, आणि १९९७ मध्ये छापलं की इस्रायलमध्ये तर हा संबंध आणखी घट्ट निघाला.

हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. आपण दोनच गोष्टी करतो, एक तर कार्ड जसंच्या तसं उचलतो, नाहीतर "हे परदेशातलं, आपल्याकडे लागू नाही" म्हणून सोडून देतो. आपल्या लोकांसमोर ठेवून बघणं हा तिसरा रस्ता आहे आणि त्याला खर्च फार येत नाही.

आपल्याकडे असं काम होतच नाही असंही नाही, ते आमच्यापर्यंत पोचत नाही. पवईला आयआयटी बॉम्बेच्या आयडीसीने, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागाने, स्वरचक्र नावाचा कीबोर्ड केला, २०१३ मध्ये आला, तो कित्येकांनी वापरला असेल. "क" दाबून धरला की भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं, म्हणजे आपल्या बाराखडीची रचनाच बोटाखाली आणून ठेवली. त्यांच्याच लोकांचा २०१६ चा पेपर आहे, मराठी टाइप करताना शब्द सुचवण्याचा खरंच फायदा होतो का हा प्रश्न घेऊन, बरेच दिवस लोकांकडून टाइप करून घेऊन तपासलेला. मी मराठी अ‍ॅपचं डिझाइन करते आणि हा पेपर अस्तित्वात आहे हे मला काम सुरू केल्यावर कित्येक वर्षांनी कळलं. फिट्सचं पान जसं बनवलंय तसं एखादं पान या कामाचं कोणी बनवलं असतं तर? वर एक चित्र, खाली एक वाक्य, मग तीन मुद्दे, मग पेपरचा पत्ता. वेलांटी आणि रफार कापले जाऊ नयेत म्हणून ओळींमध्ये किती अंतर ठेवायचं, जोडाक्षरं किती लहान केली की वाचायला त्रास होतो, असल्या प्रश्नांशी आम्ही रोज झगडतो आणि दर वेळी अंदाजाने आकडा ठरवतो.

एक चांगली बातमी, ज्यांना माहिती नसेल त्यांच्यासाठी. एसीएम या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या संघटनेची डिजिटल लायब्ररी, जिथे कॉम्प्युटर आणि माणूस या विषयावरचे मोठ्या कॉन्फरन्सचे पेपर असतात, सीएचआय, मोबाइल एचसीआय वगैरे, ती जानेवारी २०२६ पासून वाचायला सगळ्यांना खुली झालीय. म्हणजे अंगठ्याचा पेपर, एटीएमचे दोन्ही पेपर, मराठी टायपिंगचा पेपर, आता कोणाकडे हात पसरावा लागत नाही. पण नुसतं कुलूप निघालं म्हणजे पेपर कळला असं नाही. पेपर वाचताना मी आता ठरवून तीन जागा आधी बघते, प्रयोगात माणसं कोण होती, त्यांना नेमकं काय करायला सांगितलं, आणि शेवटी लेखक स्वतः काय काय मान्य करतात की आमच्या प्रयोगाची ही मर्यादा आहे. मधलं स्टॅटिस्टिक्स कळलं नाही तरी या तीन जागांवरून माझ्या कामाला हा पेपर लागू आहे की नाही ते बऱ्यापैकी ठरवता येतं.

कोणी वापरावी? डिझाइन शिकणाऱ्यांनी नक्की, डेव्हलपरनी पण, आणि क्लायंटला समजवायला तर फारच उपयोगी, कारण कार्ड दाखवलं की बोलणं "मला आवडतं, मला आवडत नाही" यातून बाहेर येतं. ज्यांचं आधीच मानसशास्त्राचं वाचन आहे त्यांना वरवरची वाटेल. मोबाइलवर वाचता येते, पण लॅपटॉपवर जास्त बरी, खालच्या लिंका वेगळ्या टॅबमध्ये उघडत जाता येतात.

आम्ही टीममध्ये आता एक दोनशे पानी वही केलीय. एका नियमाला एक पान, त्यावर चार रकाने, कोणी केलं आणि कधी, कोणत्या माणसांवर, नेमकं काय करून घेतलं, आणि आपल्या माणसांसमोर ठेवलं तेव्हा काय दिसलं. फिट्सचे चारही भरलेत, चौथ्यात लक्ष्मीपुरीची दुपार आहे. मिलरच्या चौथ्यात सोनेतारण. बाकी पानांचा चौथा रकाना रिकामा आहे. पुढच्या महिन्यात हिकचं पान घेतोय, पर्याय वाढले की ठरवायला वेळ लागतो हा नियम, १९५२ चा, दिवे आणि बटणं घेऊन केलेला. बाजारातल्या अडत्यांच्या अ‍ॅपमध्ये मालाची लांब यादी आहे, गूळ, कांदा, बटाटा, लसूण, ती वर्णमालेच्या क्रमाने लावली तर त्यांना लवकर सापडतं की रोज जास्त येणारा माल वर ठेवला तर, आणि मुळात वर्णमालेच्या क्रमाने शोधायची सवय त्यांच्यातल्या किती जणांना उरलीय, हे बघायला पहाटे सौदे सुरू व्हायच्या आधी तिथे जाऊन बसायचंय.